ठासणीची बंदूक आणि अर्जाची स्थिती

बंदुकीचे नाव काढले की सभ्य गृहस्थाच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडावी हे योग्यच आहे. परंतु पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या घरांत खुंटीवर जी बंदूक टांगलेली असते ती त्या आठीस पात्र नाही, असे आमचे नम्र मत आहे. ती बहुधा ठासणीची आणि एकनळी असते. आजोबांच्या वेळची, क्वचित पणजोबांच्या. तिच्या दस्त्याचे लाकूड पिढ्यांच्या तळहातांनी काळे पडलेले असते. नळीत दारू घालावयाची, वरून काथ्याचा बोळा गजाने ठासावयाचा, केप बसवावयाचे आणि आभाळाकडे तोंड करून बार काढावयाचा, एवढेच तिचे बहुतेक रात्रींचे काम. तो बार दोन डोंगरांत घुमतो, गावातली कुत्री भुंकू लागतात, आणि बागायतीत शिरलेला कळप ओहळ ओलांडून रानात परततो. सकाळी शेजारी विचारतात, ‘‘काल रात्री किती वाजता काढलास रे बार?’’ त्या विचारण्यात तक्रार नसते. त्या आवाजानंतर त्यांनाही उरलेली रात्र निश्चिंत झोप लागलेली असते.

आमचे वडिलोपार्जित कुळागर डिचोलीच्या बाजूस एका ओहळाच्या काठी आहे, आणि आईकडून आलेले काजूचे भाट पेडण्याच्या बाजूस. सुपारी, नारळ, केळी आणि सुपारीवर चढविलेली मिरी असा कुळागराचा थाट. खाली मळ्यात पावसाळी भात आणि पाणी पुरेल त्या वर्षी वायंगण. ज्यांनी कुळागर राखले नाही त्यांना एका रात्रीचे नुकसान सांगून समजणे कठीण. रानडुक्कर केळीचा घड खाऊन निघून गेला असता तर एवढे वाईट वाटले नसते. तो केळीचा गड्डाच उकरतो, म्हणजे यंदाचे पीक तर जातेच, पण पुढच्या वर्षीचा कोंबही जातो. सुपारीची दोन-तीन वर्षांची रोपे तो नांगर फिरवावा तशी उलथून टाकतो. माकडे कोवळे नारळ तोडतात. खाण्यापेक्षा खाली टाकण्यातच त्यांना अधिक गोडी. काजूच्या मोसमात गवेरेडे बोंडूंसाठी भाटात उतरतात, आणि वाटेत कुंपण म्हणून काही असते याची त्यांना जाणीवही नसते.

हे प्राणी आम्हांस शत्रू वाटतात असे मात्र कोणी समजू नये. ज्या वराहाने दाताच्या टोकावर पृथ्वी तोलून धरली त्याच्याच कुळातला हा आमची तेवढी दहा-पाच गुंठे पृथ्वी उलथीपालथी करतो, असे आमचे वडील हसत म्हणत. माकडावर छर्रा टाकावयास तर आमच्या गावात कोणी धजावणार नाही. दर शनिवारी मारुतीला रुईची माळ घालणारा हात ते करीलच कसा? २०१६ साली राज्याच्या त्यावेळच्या कृषिमंत्र्यांनी माकड, रानडुक्कर आणि मोर यांना उपद्रवी प्राणी ठरविण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा देशभर गहजब झाला. शहरातले लोक मोरासाठी हळहळले. आम्हीही हळहळलो, कारण तो सरस्वतीच्या पायाशी बसतो; पण मोराने टिपलेल्या मिरचीच्या रोपांची हळहळ करणारा मात्र त्या गदारोळात कोणी दिसला नाही.

पूर्वीच्या मानाने हा त्रास वाढला, याविषयी गावात दुमत नाही. पेडण्यातले शेतकरी मोप्याच्या पठाराकडे बोट दाखवितात. २०२३ च्या जानेवारीपासून तेथून विमाने उडू लागली. त्या पठारावरची झाडी गेली आणि तिच्या आश्रयाने राहणारी जनावरे खाली आली, असे ते म्हणतात. डिचोलीत २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा २०१८ साली थांबल्या, आणि मातीच्या ढिगाऱ्यांवर रान माजले. डुकरांना तेथे आयती लपण झाली, असे इकडचे शेतकरी सांगतात. २०२५ च्या सप्टेंबरात तर ‘ओंकार’ या नावाने ओळखला जाणारा रानहत्ती दोडामार्गाकडून मोपा-तांबोशाच्या बाजूस उतरला. त्याच्यापुढे ठासणीच्या बंदुकीचे काय चालणार? तो विषय वनखात्याचा. पण त्या दिवसांत वाडीवाडीवर रात्री जी माणसे जागी होती, त्यांना एवढे कळून चुकले की सीमेचा दगड फक्त माणसांसाठी असतो.

शेताची राखण ही आमच्याकडे केवळ माणसाची जबाबदारी नाही. गावोगावी राखणदार आहे, देवचार आहे. हातात दांडा घेऊन तो रात्री शिवारातून फिरतो, म्हणून त्याला घोंगडी, दांडा, वहाणा अर्पण करण्याची चाल आहे. साळच्या गड्यांच्या उत्सवात रानात पेटलेल्या चुडी पाहिलेल्या माणसाला ही श्रद्धा समजावून सांगावी लागत नाही. आमचे वडील देवचाराला नारळ ठेवूनच बार काढीत. अर्धे काम त्याचे, अर्धे आपले, असा त्यांचा हिशेब होता. त्यातल्या आपल्या अर्ध्या कामाला सरकारचा परवाना लागतो.

तो कायदा १९५९ चा आहे, आणि अंमलात आला १९६२ साली, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावर वर्षाच्या आत. जुनी माणसे अजूनही परवान्याला ‘लिसेंस’ या पोर्तुगीज वळणाच्या नावानेच ओळखतात. कायद्याचे कलम १३ आम्ही पुन्हापुन्हा वाचले आहे, आणि ते शेतकऱ्याच्या विरुद्ध नाही हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकास, नाकारण्याचे विशिष्ट कारण नसल्यास, परवाना द्यावा असे ते सांगते. ठासणीची पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. दिल्लीत बसून हे कलम लिहिणाऱ्याने कधीतरी एखाद्या डोंगरवाडीत रात्र काढली असावी, असे आम्हांस वाटते.

मात्र या कायद्याशेजारी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा उभा आहे. बंदूक राखणीसाठी मिळाली म्हणून रानडुक्कर मारता येतो असे नाही. तो संरक्षित प्राणी आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्याला दुसऱ्या अनुसूचीत जागा दिली आहे. उभ्या पिकाला धोका झाल्यास मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार त्या कायद्यात आहे, पण ती परवानगी वेगळी, तिचा अर्ज वेगळा, तिचा अधिकारीही वेगळा. म्हणजे एक कायदा हातात बंदूक देतो आणि दुसरा तिच्या नळीचे तोंड आभाळाकडे वळवितो. आम्हांस यात विसंगती दिसत नाही. आमच्या घराण्यात बंदूक ती तशीच वापरली गेली. पण मग एवढेच म्हणावेसे वाटते की, ज्या वस्तूकडून आम्ही केवळ आवाज मागतो, तिच्यासाठी वाट पाहण्याला काही सुमार असावा.

वडील २०२४ च्या दिवाळीनंतर निवर्तले. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. माणूस गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही. दिवस झाल्यावर आम्ही ती घोंगडीत गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा केली आणि पावती देवघरातल्या फडताळात ठेवली. येथे वाचकांस एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाने सत्तर वर्षे पुरी केली किंवा बंदूक पंचवीस वर्षे त्याच्याकडे राहिली, की तो जिवंत असतानाही वारसाच्या नावे परवाना मागता येतो. आमच्या वडिलांना ते मान्य नव्हते. ‘‘माझ्या हातात बळ आहे तोवर ती माझी,’’ असे ते म्हणत, आणि ब्याऐंशीव्या वर्षीही ते बळ होते.

वारस म्हणून अर्ज करावयाचा तर इतर वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे लागतात. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेने मुलीचा वाटा मुलाइतकाच, त्यामुळे बहिणीची सही अपरिहार्य. ती बांद्याला दिलेली. दोन बसगाड्या बदलून आली, नोटरीसमोर सही केली, आणि बाहेर येऊन म्हणाली, ‘‘घर-भाटाचे मी आजवर काही विचारले नाही. पण बंदुकीसाठी बोलावलेत म्हणून बरे वाटले. अण्णांनी मला बार काढायला शिकवले होते, तुम्हांला आठवते?’’ आम्हांस आठवत होते. नवव्या वर्षी बंदुकीच्या धक्क्याने ती मागच्या मागे केळीच्या आळ्यात बसली होती.

आता हे अर्ज संगणकावर भरले जातात. केंद्रीय गृहखात्याने सगळ्या देशातील शस्त्रपरवान्यांची एक नोंदवही केली आहे, आणि प्रत्येक परवानाधारकास तीत एक स्वतंत्र क्रमांक असतो. व्यवस्था म्हणून ती चांगली आहे. एका माणसाने दोन जिल्ह्यांत दोन परवाने घेण्याला तिने आळा बसतो. बंदूक कोठे, कोणाच्या नावे, हे सरकारला कळते. बंदुकीच्या बाबतीत असा आळा हवाच. राखणीच्या नावाखाली रात्री शिकारीला जाणारे आमच्याच वाड्यांत आहेत, आणि अंधारात हलणाऱ्या झुडपावर बार टाकून आपल्याच सोबत्याला मारल्याच्या हकीकती आम्ही ऐकल्या आहेत. चौकशीशिवाय परवाना द्यावा असे आम्ही म्हणणार नाही. छायाचित्रे, वैद्यकीय दाखला, जमिनीचा उतारा, वापराच्या शिक्षणाचा दाखला हे सर्व पुतण्याने २०२५ च्या जानेवारीत चढविले, आणि आम्हांस एक अर्जक्रमांक मिळाला.

त्या क्रमांकाने अर्जाची ‘स्थिती’ पाहता येते. क्रमांक घालावा, चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहावीत, आणि कळ दाबावी. आमच्या वाडीत मोबाईलला लहरी येतात त्या फक्त देवळाच्या आवारात, दीपस्तंभाच्या उजव्या अंगाला. त्यामुळे सांजारती झाल्यावर दीपस्तंभापाशी एक लहानसा मेळा जमतो. कोणाचा जमिनीचा दाखला, कोणाचे निवृत्तिवेतन, कोणाच्या मुलाचा पारपत्राचा अर्ज. ज्याला त्याला आपली स्थिती पाहावयाची असते. भटजीबुवा तीर्थ देता देता विचारतात, ‘‘कितां झाला रे अर्जाचा?’’ आणि आम्ही पडद्यावरची ओळ वाचून दाखवितो: पोलीस अहवालाच्या प्रतीक्षेत.

उत्पत्ती, स्थिती आणि लय अशा तीन अवस्था शास्त्रकारांनी सांगितल्या आहेत. अर्जाची उत्पत्ती एका दुपारात झाली. स्थितीला मात्र अंत दिसेना. फेब्रुवारीत काजूला मोहोर होता तेव्हा ती ओळ तीच. एप्रिलात बोंडू पिकून गळू लागले, गवेरेडे भाटात येऊन गेले, हुर्राकाचा वास मावळला, ओळ तीच. पाऊस आला. केळी लावल्या. गणपतीच्या आदल्या रात्री डुकरांनी केळींची एक रांग पुरी उकरली, आणि माटोळीला बांधावयाचा घड आम्ही बाजारातून विकत आणला. आमच्या घरात असे पूर्वी झाल्याचे आईला आठवत नाही. ती काही बोलली नाही. घड बांधताना फक्त म्हणाली, ‘‘हा आपला नव्हे.’’

खंडेनवमीला कोयते, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, पाणी काढण्याचा पंप यांची पूजा झाली. खुंटी रिकामी होती. धाकट्या भावाने तिच्यावरही झेंडूचे फूल ठेवले.

हाच धाकटा भाऊ दुसऱ्या दिवशी दुसरेच बोलला. पेडण्यातल्या भाटासाठी गिऱ्हाईक आले आहे. बाहेरगावचे आहे, मागू ती किंमत देते. ‘‘राखायचे कोणासाठी?’’ असे त्याने विचारले. त्याचा राग रानडुकरावर नव्हता, आमच्यावरही नव्हता. रात्री डबे बडवून, पत्र्याचे तुकडे बांधून, कार्बाइडची तोफ उडवून तो थकला होता. त्या तोफेला डुक्कर चार रात्री भितो. पाचव्या रात्री तिच्याशेजारीच उकरतो. सौरकुंपण भावाने मळ्याच्या एका अंगास घातले आहे, पण माकडाला कुंपण म्हणजे झोपाळा. त्याच्या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. बंदुकीचा अर्ज म्हणून जो आम्ही भरला तो वस्तुतः शेतकरी राहण्याचा अर्ज होता, हे मात्र त्या दिवशी प्रथम मनात आले. आणि त्याची स्थिती पाहण्यास कोठलाही क्रमांक मिळत नाही.

परवाना हाती असतानाही बंदूक हाती असतेच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. निवडणूक आली की शस्त्रे जमा करण्याचा हुकूम निघतो. २०२२ ची विधानसभा निवडणूक १४ फेब्रुवारीला झाली. आचारसंहिता ८ जानेवारीला लागली होती. २०२४ ची लोकसभा निवडणूक गोव्यात ७ मे रोजी झाली. आचारसंहिता १६ मार्चपासून, आणि मोजणी ४ जूनला. काजूचा मोसम कोणता, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचे सांगावयास नको. कोणाचे शस्त्र जमा करावे आणि कोणाला सूट द्यावी हे पाहण्यासाठी छाननी समिती असते, पण तिच्याकडे अर्ज करून उत्तर येईपर्यंत बोंडू थांबत नाहीत. वडिलांनी दोन्ही वेळा बंदूक नेऊन दिली आणि पावती घेतली. निवडणुकीत गोळीबार होऊ नये हे त्यांना पटत होते. ठासणीच्या बंदुकीने मतपेटी लुटण्याची कल्पना मात्र त्यांना फार गमतीची वाटे. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत मतदार जेवून येईल, असे ते म्हणत.

दक्षिणेस कर्नाटकातील कोडगूत निराळीच रीत आहे. तेथील कोडवांना आणि जम्मा जमीन धारण करणाऱ्यांना परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ साली ती २०२९ पर्यंत वाढविली, आणि कर्नाटक उच्च न्यायालयानेही २०२१ साली ती उचलून धरली. त्यांच्या सणात बंदुकीची पूजा होते, जशी आमच्याकडे खंडेनवमीला. हे वाचून गावातला एक तरुण म्हणाला, ‘‘आम्हांलाही तशीच सूट मागू या.’’ आम्ही त्याच्याशी सहमत झालो नाही. कोडवांची ती परंपरा त्यांच्या इतिहासातून आली. आणि पर्यटकांनी, नव्या बंगल्यांनी, रात्रभर चालणाऱ्या मद्यालयांनी भरत चाललेल्या आमच्या तालुक्यांत परवान्याशिवाय बंदुका असाव्यात, असे आम्हांस स्वप्नातही वाटत नाही. चौकशी व्हावी, पण ती पिकाच्या आधी व्हावी, एवढेच मागणे.

आणि हे मागणे कायद्याच्या पलीकडचे नाही. कलम १३ मध्येच लिहिले आहे की, जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर परवाना अधिकाऱ्यास योग्य वाटल्यास तो अहवालासाठी आणखी न थांबता निर्णय देऊ शकतो. नकार दिला तर कारणे लिहून ठेवावी लागतात, आणि सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर मागणाऱ्यास ती द्यावी लागतात. नकारावर अपीलही आहे. पडद्यावरची एक ओळ पाहत बसलेल्या माणसाला यातले काही ठाऊक नसते. त्याला वाटते, आपले काम पाहणे एवढेच. दसऱ्यानंतर आम्ही हे कलम आणि अर्जाची तारीख लिहून एक साधे पत्र स्वतः नेऊन दिले व त्याच्या प्रतीवर पोच घेतली. त्या कचेरीचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथील कारकून भला माणूस होता. त्याच्या मेजावर आमच्यासारख्यांच्या किती फायली होत्या हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. पत्र वाचून तो म्हणाला, ‘‘माझ्याही घरी कुळागर आहे हो.’’

आठ-दहा दिवसांनी एक हवालदार वाडीवर आला. त्याने शेजाऱ्यांना विचारले, मळा पाहिला, उकरलेल्या केळींची रांग पाहिली. आईने त्याला चहा आणि काजू दिले. चहा त्याने घेतला, काजू घेतले नाहीत. ‘‘बंदूक कशाला हवी?’’ हा प्रश्न त्याला वहीत लिहून घ्यावयाचा होता. आईने त्याला हाताने धरून ओहळापर्यंत नेले आणि चिखलातले ताजे खुरांचे ठसे दाखविले. त्याने काय लिहिले ते आम्हांस ठाऊक नाही, पण बराच वेळ लिहीत होता.

त्रिपुरी पौर्णिमेला दीपस्तंभ उजळला होता, तेव्हा गर्दीतून वाट काढीत पुतण्या आला. ओळ बदलली होती: अहवाल प्राप्त, परवाना अधिकाऱ्याकडे विचाराधीन. भटजीबुवांनी ती स्वतः वाचून पाहिली. धाकट्या भावानेही वाचली आणि मोबाईल परत दिला. भाटाच्या गिऱ्हाइकाचा विषय त्याने त्यानंतर काढलेला नाही, आणि सोडला आहे असेही म्हटलेले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो मळ्यात वायंगणाचे बांध घालताना दिसला. आईने बियाणे भिजत घातले होते. राखणीसाठी आम्ही तिघे पाळीपाळीने जागतो, डबे घेऊन.